यीस्टचा पडदा: बीओडी सेन्सरच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

वही आजपासून. काम एका ओळीत सांगायचं तर असं: पाण्यातला सेंद्रिय मळ पाच दिवसांऐवजी पंधरा मिनिटांत मोजायचा, आणि मोजणारा जिवंत असेल.

बीओडी म्हणजे जैविक ऑक्सिजन मागणी. नमुना बाटलीत भरायचा, २० °से तापमानाला अंधारात पाच दिवस ठेवायचा आणि सूक्ष्मजीवांनी किती ऑक्सिजन संपवला ते बघायचं. ही मोजपट्टी ब्रिटनच्या सांडपाणी आयोगाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घालून दिली. पाचच दिवस का, तर तिथल्या नद्यांचं पाणी तेवढ्यात समुद्राला मिळतं, असं कारण सांगतात. खरं-खोटं काही असो, पाच हा आकडा चिकटला तो चिकटलाच. पंचाईत एवढीच की प्रक्रिया केंद्रातल्या माणसाला आजच्या पाण्याचा आकडा पुढच्या आठवड्यात कळतो. तोवर ते पाणी कधीच पुढे गेलेलं असतं.

सूक्ष्मजीवांना थेट ऑक्सिजनच्या इलेक्ट्रोडवर बसवून बीओडी मोजायची कल्पना नवी नाही. जपानमध्ये इसाओ कारुबे आणि सहकाऱ्यांनी ती १९७७ मध्येच करून दाखवली. मला काही शोध लावायचा नाही. ते उपकरण आपल्या हातांनी जमवून ते कुठे कुठे फसतं हे बघायचं आहे. सोबत दुसऱ्या प्रोबवर (प्रोब म्हणजे पाण्यात बुडवायची मोजकांडी) जिवंत पेशीऐवजी नुसतं एन्झाइम, म्हणजे पेशीतली एखादी रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, बसवणार, म्हणजे दोघांची तुलना होईल.

सूक्ष्मजीव कोणता? सुरुवातीला साधं बेकरी यीस्ट. निरुपद्रवी, झटपट वाढतं, आणि मेलं तर वाईट वाटत नाही.

८ जानेवारी

आज फक्त नागडा प्रोब. क्लार्क पद्धतीचा आहे: प्लॅटिनमचा कॅथोड, चांदीचा ॲनोड, मध्ये पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण आणि तोंडावर ताणलेला टेफ्लॉनचा पातळ पडदा. पडद्यातून ऑक्सिजन आत जातो, क्षार आणि घाण बाहेरच राहते. उणे ०.७ व्होल्टच्या आसपास कॅथोडवर ऑक्सिजनचं क्षपण होतं आणि जितका ऑक्सिजन तितका प्रवाह. लेलँड क्लार्कने हा इलेक्ट्रोड १९५६ मध्ये मांडला. १९६२ मध्ये त्यानेच सुचवलं की याच्या तोंडाशी ग्लुकोज ऑक्सिडेज (ग्लुकोजसोबत ऑक्सिजन संपवणारं एन्झाइम) अडकवलं तर साखर मोजता येईल. बायोसेन्सरचं, म्हणजे पेशी किंवा एन्झाइम वापरून मोजणाऱ्या उपकरणांचं, सगळं खानदान तिथून सुरू होतं.

शून्य लावायला सोडियम सल्फाइटचं द्रावण, त्यात ऑक्सिजन उरत नाही. वरचं टोक लावायला हवा खेळवलेलं पाणी: २५ °से ला ८.२६ मिग्रॅ/लि. दोन्ही नीट बसले.

एक गोष्ट ठळक लिहून ठेवते, कारण मागच्या वेळी यातच दिवस गेला होता: हा प्रोब ऑक्सिजन मोजतो म्हणजे ऑक्सिजन खातो. पाणी ढवळत नसेल तर तोंडापाशी तुटवडा पडतो आणि आकडा खाली सरकत राहतो. मॅग्नेटिक स्टिररचा वेग एकदा ठरवला की त्याच्या बटणाला कुणीही हात लावायचा नाही. बटणावर टेप लावली आहे.

११ जानेवारी

यीस्ट अल्जिनेटमध्ये (समुद्री शेवाळापासून मिळणारा, जेलीसारखा घट्ट होणारा पदार्थ) अडकवलं. दोन टक्के सोडियम अल्जिनेटमध्ये पेशी मिसळल्या आणि सिरिंजमधून थेंब थेंब कॅल्शियम क्लोराइडमध्ये सोडले. थेंब पडताक्षणी बाहेरून घट्ट होतो आणि साबुदाण्यासारखा गोळा तयार. अल्जिनेटच्या लांब साखळ्यांना कॅल्शियम एकमेकींत बांधून टाकतो, पेशी त्या जाळ्यात राहतात, साखर आणि ऑक्सिजन मात्र आत-बाहेर करू शकतात. थोडं मिश्रण प्रोबच्या मापाच्या पातळ चकत्यांमध्येही ओतलं. दिसायला फारच सुबक. चकत्या आणि गोळे रात्रभर फॉस्फेट बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) ठेवून मी घरी गेले.

१२ जानेवारी

गोळे नाहीत. चकत्याही नाहीत. बीकरमध्ये गढूळ पाणी आणि तळाशी यीस्टचा थर.

आधी वाटलं कुणीतरी बीकर बदलला. मग डोक्यात प्रकाश पडला. जाळं बांधणारा कॅल्शियम, आणि फॉस्फेटला कॅल्शियम दिसला की तो ओढून घेतल्याशिवाय राहवत नाही. रात्रभरात बफरने एकेक गाठ सोडवली. सायट्रेट किंवा ईडीटीएनेही हेच झालं असतं. पेशी परत मिळवायच्या असतील तर लोक मुद्दाम सायट्रेट वापरून गोळे विरघळवतात. मी ते न मागता केलं.

बफर बदलून हे निभावलं असतं, पण बीओडीच्या मूळ चाचणीतलं सौम्यीकरणाचं पाणीच फॉस्फेट घालून करतात, आणि सांडपाण्यातही फॉस्फेट असतोच. तेव्हा या कामापुरता अल्जिनेटला रामराम. उद्यापासून जुनीच रीत: ०.४५ मायक्रॉनच्या गाळणकागदावर पेशी शोषून घ्यायच्या, कागद उलटा करून टेफ्लॉनच्या पडद्यावर ठेवायचा आणि वरून रबरी कडीने आवळायचा. पेशी दोन पडद्यांच्या मध्ये सँडविचसारख्या. रसायन नाही, त्यामुळे विरघळायचा प्रश्नही नाही.

१५ जानेवारी

पहिला यीस्टचा पडदा चढवला. प्रोब स्वच्छ, हवा खेळवलेल्या बफरमध्ये बुडवला. अन्नाचा कणही नाही. आकडा ८ च्या जवळ हवा होता, आला १.३.

अर्थ सरळ आहे: अन्न न देताही पेशी श्वास घेताहेत आणि ऑक्सिजन टेफ्लॉनपर्यंत पोचूच देत नाहीत. साखर घातली तर खाली जायला जागाच उरलेली नाही. चुका दोन. एक, थर जाड झाला. जास्त पेशी म्हणजे जास्त संवेदनशील, असं मी गृहीत धरलं होतं. दोन, यीस्ट पोषक द्रवातून काढून तसंच लावलं. या पेशी पोटात ग्लायकोजेनचा साठा घेऊन बसलेल्या असतात. बाहेर काही मिळालं नाही तरी शिदोरी सोडून बसतात.

१७ जानेवारी

यीस्टला उपास घडवला. धुऊन, नुसत्या बफरमध्ये रात्रभर हवा देत ठेवलं. शिदोरी संपली. मग पूर्वीच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढ्याच पेशी कागदावर घेतल्या.

आधाररेषा, म्हणजे अन्न नसतानाचा आकडा, ६.९. ग्लुकोज घातलं, कोशातली (मोजणीच्या भांड्यातली) तीव्रता १० मिग्रॅ/लि होईल इतकं. अर्ध्या मिनिटात रेष वाकली आणि आठ मिनिटांनी ५.६ वर सपाट झाली. बफर बदलून धुतलं, तर वीस-बावीस मिनिटांत परत ६.९.

मी खुर्चीतून उठून कॉरिडॉरमध्ये एक फेरी मारून आले.

२० मिग्रॅ ला ४.४, ३० ला ३.४. पुढे रेष वाकते. ६० आणि १०० मधला फरक जेमतेम. म्हणजे सांडपाणी थेट चालणार नाही, सौम्य करूनच घालावं लागेल. हरकत नाही.

२१ जानेवारी

एन्झाइमचा प्रोब. ग्लुकोज ऑक्सिडेज (ॲस्परजिलस नायगर या बुरशीतलं), अल्ब्युमिन आणि दोघांना जोडायला ग्लुटारल्डिहाइड. हे रसायन प्रथिनांतल्या लायसिनच्या अमिनो गटांना धरून साखळ्या एकमेकींना शिवून टाकतं. पहिल्या पडद्यात हात सैल पडला: पडदा पिवळा, कडक, आणि एन्झाइम निकामी. इतकं शिवलं की हालचालीलाच जागा राहिली नाही. दुसऱ्यात प्रमाण बरंच कमी केलं, तो चांगला आला.

मग ताजं ग्लुकोज वजन करून, विरघळवून, लगेच तपासलं. आकडा अपेक्षेच्या निम्माही नाही, आणि वर थोडा थोडा चढतोय. पिपेट तपासलं. तराजू तपासला. एन्झाइमच्या बाटलीवरची तारीख वाचली. प्रयोगशाळेत मदतीला असलेल्या मुलाला विचारलं, "तू द्रावण बरोबर केलंस ना?" तो म्हणाला, "ताई, तुम्हीच केलंत."

२२ जानेवारी

कालचंच द्रावण, कालचाच प्रोब. आज आकडा बरोबर.

उत्तर पाठ्यपुस्तकात आहे, फक्त वेळेवर आठवत नाही. बाटलीतलं कोरडं ग्लुकोज बहुतेक सगळं अल्फा रूपात असतं. पाण्यात ते हळूहळू उलटतं आणि शेवटी अल्फा ३६ टक्के, बीटा ६४ टक्के असा समतोल साधतो. ग्लुकोज ऑक्सिडेज बीटा रूपालाच हात लावतं. ताज्या द्रावणात त्याच्या कामाचं ग्लुकोज फारसं नव्हतंच. म्हणूनच प्रमाण द्रावण आदल्या दिवशी करून ठेवायची पद्धत आहे.

गंमत म्हणून पुन्हा ताजं द्रावण करून लगेच यीस्टच्या प्रोबला दिलं. त्याने शिळ्या आणि ताज्यात काडीचा फरक केला नाही. यीस्टमधलं हेक्सोकायनेज हे एन्झाइम दोन्ही रूपं घेतं. एक अणुगट खाली की वर, एवढ्यावरून एन्झाइम ताट बाजूला सारतं. पेशी पुढ्यात आलेलं खाते. हे वाक्य लिहिताना मला फार हुशार असल्यासारखं वाटलं. दोन दिवसांनी ते तपासून बघणार आहे.

एन्झाइमची निवड चुकली तर काय होतं याचं उदाहरण रक्तातली साखर मोजायच्या पट्ट्यांत आहे. काही पट्ट्यांत ग्लुकोज ऑक्सिडेजऐवजी पीक्यूक्यू प्रकारचं ग्लुकोज डिहायड्रोजनेज असायचं. त्याला ऑक्सिजन लागत नाही, हा मोठा फायदा; पण ते माल्टोज या दुसऱ्या साखरेलाही ग्लुकोज समजतं. काही डायलिसिस द्रवांतल्या आयकोडेक्स्ट्रिनपासून शरीरात माल्टोज बनतो. पट्टी साखर जास्त दाखवते, माणसाला इन्सुलिन दिलं जातं आणि साखर आणखी खाली जाते. यातून मृत्यू झाल्यावर अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००९ मध्ये जाहीर इशारा दिला होता. एन्झाइम विशिष्ट असतं म्हणजे काय, हे शिकवताना आपण कुलूप-किल्लीचं चित्र काढतो. त्याच किल्लीने शेजारचं दारही उघडतं का, हे कुणी विचारत नाही.

२४ जानेवारी

पेशी पुढ्यात आलेलं खाते? आज यीस्टपुढे एकेक पदार्थ मांडला.

ग्लुकोज, फ्रुक्टोज: उत्तम. सुक्रोज: तेही जवळजवळ तितकंच, कारण त्याचे दोन तुकडे करणारं इन्व्हर्टेज यीस्टच्या भिंतीतच बसलेलं असतं. लॅक्टोज (दुधातली साखर): शून्य. रेष तसूभरही हलली नाही. बेकरी यीस्टकडे लॅक्टोज आत घ्यायची आणि तोडायची सोयच नाही. विद्राव्य स्टार्च: शून्य. ग्लुटामिक आम्ल: तेवढ्याच वजनाच्या ग्लुकोजच्या जेमतेम दहावा हिस्सा.

शेवटचा आकडा सगळ्यात अडचणीचा. बीओडी चाचणीचं जगभरचं प्रमाण द्रावण म्हणजे लिटरमध्ये १५० मिग्रॅ ग्लुकोज आणि १५० मिग्रॅ ग्लुटामिक आम्ल. पाच दिवसांचा बीओडी १९८ मिग्रॅ/लि, फरक ३०.५ चा चालतो. माझ्या यीस्टला यातला अर्धा भाग दिसतच नाही.

यावरची सोपी पळवाट मला मोहात पाडत होती. सेन्सरचं कॅलिब्रेशनच (कुठल्या उताराला किती बीओडी म्हणायचं ते ठरवणं) या प्रमाण द्रावणावर करायचं. मग प्रमाण द्रावण तपासलं की १९८ येणारच, कारण आपणच तसं ठरवलं. अहवालात सुरेख दिसेल. पण त्याच कॅलिब्रेशनने नुसतं साखरेचं पाणी तपासलं तर आकडा जवळपास दुप्पट येईल, आणि प्रथिनांनी भरलेलं पाणी तपासलं तर फारच कमी. चूक कॅलिब्रेशनमध्ये लपून बसेल आणि नमुन्यात बाहेर येईल.

म्हणूनच बीओडी सेन्सरसाठी लोक ट्रायकोस्पोरॉन क्युटेनियम नावाच्या यीस्टकडे वळले. त्याची जीभ बरीच रुंद आहे. मागवायचं का? मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "आधी हातात आहे त्याचं पुरतं वाईट बघून घे." बरोबर आहे.

२९ जानेवारी

वरच्या टोकाला रेष का वाकते ते बघत होते. ऑक्सिजन आत यायला वेळ लागतो हे एक कारण. दुसरं यीस्टचा स्वभाव: साखर भरपूर असली की हवा असूनही ते श्वसन आवरतं घेतं आणि किण्वनावर जातं. याला क्रॅबट्री परिणाम म्हणतात. म्हणजे साखर वाढली तरी ऑक्सिजनचा खप त्या प्रमाणात वाढत नाही. मुद्दाम खूप जास्त ग्लुकोज देऊन प्रोब तासभर ठेवला तर दोन पडद्यांमध्ये वायूचे बारीक फुगे. कार्बन डायऑक्साइड. पडदा उचलला गेला, आकडे वेडेवाकडे, प्रयोग संपला.

२ फेब्रुवारी

आधाररेषा सकाळी एक आणि दुपारी एक. खोलीचं तापमान. टेफ्लॉनमधून ऑक्सिजन जायचा वेग, पाण्यात मावणारा ऑक्सिजन आणि यीस्टची भूक, तिन्ही तापमानानुसार बदलतात, आणि एकाच दिशेला नाही. पाण्याची टाकी लावली, ३० °से. प्रश्न मिटला. पहिल्याच दिवशी लावायला हवी होती.

५ फेब्रुवारी

आज सकाळी यीस्टच्या प्रोबचा आकडा ८ च्या वर गेला नाही इतकंच, बाकी नागड्या प्रोबसारखाच. (टाकी ३० °से ला असल्याने संपृक्त आकडा ७.५६, तर दिसत होता ७.५.) साखर घातली, ढिम्म. सगळ्या पेशी एका रात्रीत गेल्या?

बफर संपला म्हणून शेजारची बाटली घेतली होती. ती एन्झाइम प्रोबची. त्यात बुरशी लागू नये म्हणून ०.०२ टक्का सोडियम अझाइड होतं. मीच घातलेलं, मीच लेबलवर लिहिलेलं, बारीक अक्षरात.

अझाइड सायटोक्रोम ऑक्सिडेजला, म्हणजे पेशीच्या श्वसनसाखळीच्या शेवटच्या पायरीला, अडवतं. ग्लुकोज ऑक्सिडेजला त्याचं काही सोयरसुतक नाही. ते त्याच बफरमध्ये दोन आठवडे सुखाने काम करतंय. धुतल्यावर यीस्ट थोडंफार परत आलं, पण भरवसा नाही. पडदा टाकून दिला.

दुपारभर हीच गोष्ट डोक्यात. माझी चूक गौण आहे. समजा हा सेन्सर एखाद्या नाल्यावर लावलाय आणि पाण्यात कुणी विष सोडलं. पेशी श्वास थांबवतात, ऑक्सिजन वाढतो, आणि पडद्यावर आकडा येतो: बीओडी शून्य, पाणी स्वच्छ. सगळ्यात घाण पाण्याला सगळ्यात चांगले गुण. पाच दिवसांच्या बाटलीतही हे होऊ शकतं, म्हणून तिथे वेगवेगळी सौम्यीकरणं लावतात: सौम्य केल्यावर हिशेबाचा बीओडी वाढत गेला तर विषाचा संशय घ्यायचा.

उपाय म्हणून आजपासून नियम: प्रत्येक नमुन्याचा आकडा सपाट झाल्यावर त्याच कोशात माहीत असलेलं १० मिग्रॅ/लि ग्लुकोज घालायचं. रेष नेहमीइतकी खाली गेली तर पेशी ठीक आहेत. नाही गेली तर आधीचा आकडा बाद. दहा मिनिटं वाढतात, वाढू देत.

६ फेब्रुवारी

कालच्याचीच दुसरी बाजू. काही सेन्सर हा दोषच मोजमाप म्हणून वापरतात. ॲलिव्हिब्रिओ फिशेरी हा समुद्री जिवाणू आपणहून उजळतो. नमुन्यात विष असेल तर उजेड मंदावतो. १५ °से ला, मिठाच्या पाण्यात, पाच ते तीस मिनिटांत उत्तर. आयएसओ ११३४८ ही आंतरराष्ट्रीय मानक चाचणी हीच. एन्झाइमच्या बाजूला ॲसिटिलकोलिनएस्टरेज (नसांच्या कामातलं एक एन्झाइम) आहे: ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशक त्याला बंद पाडतं, आणि किती बंद पडलं त्यावरून कीटकनाशक किती ते काढतात. जिवाणू सांगतो की काहीतरी वाईट आहे; काय ते सांगत नाही. एन्झाइम सांगतं की या कुळातलं काहीतरी आहे. बाकी पाण्यात काय असेल त्याचा त्याला पत्ता नाही.

११ फेब्रुवारी

हा प्रयोग प्रकल्पात नव्हता. लॅक्टोजच्या शून्यावरून सुचला.

ई. कोलायची प्रयोगशाळेतली निरुपद्रवी के-१२ जात ग्लुकोजवर वाढवली, धुतली, तशीच कागदावर बसवली. या जिवाणूकडे लॅक्टोजची सोय असते, पण ती गुंडाळून ठेवलेली. लॅक्टोज समोर आल्याशिवाय तो त्याची एन्झाइमं जवळजवळ बनवतच नाही. जाकोब आणि मोनो यांनी १९६१ मध्ये मांडलेलं लॅक ऑपेरॉन, म्हणजे गरजेनुसार चालू-बंद होणारा जनुकांचा संच, ते हेच.

ग्लुकोज दिलं: चार मिनिटांत उतार. धुतलं. लॅक्टोज दिलं: काही नाही. दहा मिनिटं, काही नाही. माणसाने इथे "प्रतिसाद नाही" असं लिहून पुढचा नमुना घेतला असता. मी चहाला गेले म्हणून प्रोब तसाच राहिला. परत आले तर चाळिसाव्या मिनिटाला रेष खाली वळलेली, आणि दीड तासाने ग्लुकोजच्या निम्म्याहून जास्त उतार.

धुऊन पुन्हा लॅक्टोज: या वेळी पाच मिनिटांत उतार.

१२ फेब्रुवारी

काल जे दिसलं ते खरंच नवीन एन्झाइम बनल्यामुळे, की नुसतं लॅक्टोज झिरपायला वेळ लागला म्हणून? दोन सारखे पडदे केले. एकाच्या बफरमध्ये क्लोरॅम्फेनिकॉल, जे जिवाणूंचं प्रथिन बनवणं थांबवतं. दोघांना लॅक्टोज.

साधा पडदा: कालच्यासारखंच. क्लोरॅम्फेनिकॉलचा पडदा: दोन तास सरळ रेष. त्याच पडद्याला ग्लुकोज दिलं तर लगेच उतार, म्हणजे पेशी मेलेल्या नाहीत. फक्त नवीन हत्यार घडवू शकत नाहीत.

महिनाभरातला हा सगळ्यात स्वच्छ निकाल आहे, आणि माझ्या सेन्सरसाठी सगळ्यात वाईट. लॅक्टोजचा नमुना मोजता मोजता मोजणाराच बदलला. सोमवारचं कॅलिब्रेशन मंगळवारी लागू पडेलच असं नाही. मधल्या काळात पेशींनी काय खाल्लं त्यावर ते अवलंबून. तराजूने धान्य मोजताना धान्याची आवड धरली, असं कधी ऐकलंय का? एन्झाइमचा पडदा झिजतो, पण शिकत नाही.

सर्किट बघणारा सहकारी म्हणाला, "अगं, मग पेशींना शिकूच देऊ नकोस. क्लोरॅम्फेनिकॉल कायमचं ठेव." विचार केला. शिकणं थांबवलं तर दुरुस्तीही थांबते. झिजलेलं प्रथिन नवीन बनत नाही. म्हणजे जिवंत पेशी वापरायचा जो फायदा, तोच काढून घेतला, आणि हातात उरली एन्झाइमांची एक महागडी पिशवी. शिवाय यीस्टवर हे औषध तसं चालतही नाही. त्याच्या मायटोकाँड्रियातलं प्रथिन बनवणं तेवढं अडतं.

उलट बाजूने करून बघू: रोज सकाळी ठरलेलं मिश्र खाणं, साखर आणि अमिनो आम्लं, वीस मिनिटं. म्हणजे पेशी एकाच सवयीत राहतील.

२० फेब्रुवारी

आठ दिवस रोजचं खाणं दिलं. यीस्टच्या प्रोबचा १० मिग्रॅ/लि ग्लुकोजला उतार दर दिवशी नोंदला. पहिले दोन दिवस वरखाली, मग पुष्कळ स्थिर. रात्री फ्रीजमध्ये ४ °से ला बफरात. सकाळी जागं व्हायला तासभर लागतो, त्याआधी घेतलेला आकडा वापरायचा नाही.

एन्झाइमचा प्रोब महिनाभर जवळजवळ तसाच. यामागे एक युक्ती आहे, जी मला आधी उलटी वाटायची. पडद्यात गरजेपेक्षा खूप जास्त एन्झाइम भरलं तर वेग एन्झाइम ठरवत नाही, साखर पडद्यातून किती झपाट्याने आत येते ते ठरवतं. मग निम्मं एन्झाइम मेलं तरी आकडा हलत नाही. आणि एक दिवस अचानक हलायला लागतो. त्या दिवसाची आगाऊ सूचना मिळत नाही, ही त्याची दुसरी बाजू.

२७ फेब्रुवारी

खऱ्या परीक्षेचा निकाल. २२ तारखेला प्रक्रिया केंद्रातून आणलेल्या तीन नमुन्यांच्या पाच दिवसांच्या बाटल्या आज उघडल्या. (३०० मिलिची बाटली, काचेचं घासून बसवलेलं बूच, बुडबुडा नको. निदान २ मिग्रॅ ऑक्सिजन खपलेला हवा आणि निदान १ उरलेला हवा, नाहीतर बाटली मोजायची नाही. एकूण बारापैकी तीन बाटल्या या नियमाने बाद झाल्या.)

प्रक्रिया होऊन बाहेर पडणारं पाणी: बाटली आणि सेन्सर दोघंही कमी सांगतात, इतक्या खाली सेन्सरच्या आकड्यावर मी पैज लावणार नाही. साखरेचं प्रमाण जास्त असलेलं धुवण: बाटली ४१०, सेन्सर ३८०. छान. कच्चं सांडपाणी: बाटली २४०, सेन्सर ९०.

तिसऱ्याचं कारण शोधायला नमुना गाळून पुन्हा तपासला: सेन्सर ८५. म्हणजे सेन्सरला गाळ दिसतच नव्हता. कच्च्या सांडपाण्यातला पुष्कळसा मळ कणांच्या रूपात असतो: स्टार्च, प्रथिनं, चरबी, कागदाचा लगदा. जिवाणू आधी बाहेर एन्झाइम सोडून त्याचे तुकडे करतात, मग ते तुकडे आत घेतात. बाटलीतल्या नाना जातींच्या गर्दीला त्यासाठी पाच दिवस असतात. माझ्या एकट्या यीस्टला दहा मिनिटं, तीही गाळणकागदाच्या पलीकडे बसून.

तासभर वाईट वाटलं. मग लक्षात आलं की प्रक्रिया केंद्रातल्या हवेच्या टाकीत शिरल्या शिरल्या ऑक्सिजन ओढणारा भाग हा विरघळलेला, चटकन पचणाराच असतो. हवेचा पंप कधी वाढवायचा हे ठरवायला २४० पेक्षा ९० चा आकडा जास्त उपयोगी पडेल. मॅडमना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग त्याला बीओडी का म्हणतेस?"

३ मार्च

चर्चा: पेशी शिकते ही अडचण असेल, तर तिला एकच गोष्ट शिकवून का पाठवू नये? नॅप्थलीनसाठी (डांबरगोळ्यांतलं रसायन) हे झालं आहे. १९९० मध्ये नॅप्थलीन तोडणाऱ्या जनुकांना उजेड देणारी लक्स जनुकं जोडलेला जिवाणू प्रसिद्ध झाला; नॅप्थलीन मिळालं की तो उजळतो. त्या घराण्यातला स्यूडोमोनास फ्लुओरेसन्स एचके४४ हा अमेरिकेतल्या ओक रिज इथे १९९६ मध्ये परवानगीने मातीत सोडलाही गेला. आर्सेनिकसाठीही जिवाणूंचंच आर्सेनिक ओळखणारं प्रथिन वापरून असे सेन्सर केले आहेत.

सुंदर काम आहे. पण बीओडीला लागू होत नाही: तिथे एक पदार्थ शोधायचा नाही, खाण्याजोगं सगळंच मोजायचं आहे. शिवाय जनुकं बदललेला जिवाणू वाहत्या पाण्यावर बसवायचा म्हणजे परवानग्यांचा वेगळाच प्रकल्प. विषय बंद.

९ मार्च

डब्यावरचं लेबल बदललं. "बीओडी सेन्सर" खोडून "विरघळलेला, चटकन पचणारा सेंद्रिय भार (ग्लुकोजच्या हिशेबात)". मुलगा म्हणाला, "ताई, हे लेबल डब्यापेक्षा लांब झालंय." झालंय खरं. दोन ओळींत लिहिलं.

ट्रायकोस्पोरॉनची मागणी नोंदवली. आल्यावर २४ जानेवारीची यादी पहिल्यापासून: ग्लुकोज, फ्रुक्टोज, सुक्रोज, लॅक्टोज, स्टार्च, ग्लुटामिक आम्ल. लॅक्टोजला निदान दोन तास द्यायचे, चहाला जायचं असो वा नसो.

अझाइडच्या बाटलीवर लाल टेप. नवीन लेबल मोठ्या अक्षरात.

ताज्या नमुन्याच्या चार बाटल्या आज अंधारात ठेवल्या. १४ तारखेला सकाळी दहाला उघडायच्या.